टायगरला शिवारात सोडून देऊ का?

पत्र:

मावशी, नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. घरी सासूबाई, आमचे हे, दीर आणि आठ वर्षांची मुलगी. दोन वर्षांआधी मुलीच्या हट्टापायी यांनी नागपूरहून लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. नाव टायगर. तेव्हा एकदा लस दिली, मग राहूनच गेली. सुरुवातीला तो सगळ्यांचा लाडका होता. आता त्याचं खाणं, त्याची घाण, अंगावरचे गोचीड, सगळं माझ्या एकटीवर. मी निंदणाला जाते तेव्हा तो दिवसभर ओसरीच्या खांबाला साखळीनं बांधलेला असतो. गोचीड भिंतीवर चढायला लागले म्हणून महिन्याआधी दिरानं कपाशीवरच्या औषधाचं पाणी त्याच्या अंगावर मारलं, तर दोन दिवस त्याची लाळ गळत होती, पाय लटलट कापत होते.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, शेजारचा सात वर्षांचा पोरगा चाकांचा लाकडी नंदी घेऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची खुशाली, मागायला आला. नंदी घरंगळत टायगरच्या ताटलीपाशी गेला, पोरगा उचलायला वाकला, आणि टायगरनं त्याचा हात धरला. रक्त निघालं. घरच्यांनी जखमेत तिखट भरलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं. तेव्हापासून शेजारीण बोलत नाही. सासूबाई म्हणतात, "मारबतीचा पुतळा गेला तसं यालेबी गावाबाहेर नेऊन टाका. घरच्या माणसायलेच पुरत नाही अन् कुत्र्याचे लाड." हे म्हणतात, "तूच लाडावून ठेवला." मावशी, मले रात्री झोप येत नाही. त्याला दूर शिवारात सोडून दिलं तर मला पाप लागेल का?

– टायगरची माय

उत्तर:

पोरी, तुझं पत्र हातात पडलं तेव्हा त्या मुलाला चावा बसून सहा दिवस झाले होते. तिखट आणि धनुर्वात हे दोन शब्द वाचले आणि पुढचं न वाचता मी तुला फोन लावला. त्याच दिवशी तुम्ही मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलात, त्याला रेबीजची पहिली लस मिळाली आणि जखमेत सीरमही (विषाणूला तिथंच अडवणारं इंजेक्शन) दिलं, हे ऐकून मला हायसं वाटलं. फोनवर घाईत बोललेलं इथं पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या अंगणात उद्या हेच होऊ शकतं.

धनुर्वाताच्या इंजेक्शनचा रेबीजशी काही संबंध नाही. ते लोखंड लागलं तरी घेतात, कुत्रं चावलं तरी घेतात, म्हणून घरच्यांना वाटतं काम झालं. कुत्र्याचा दात लागून रक्त निघालं की सगळ्यात आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम धुवायची, चांगली पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. तिखट, चुना, हळद, तेल, काहीही भरायचं नाही. तिखटानं जखम आणखी चिडते आणि विषाणूला आत शिरायला वाट मिळते. मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. दंडाच्या कातडीत द्यायची लस चार वेळा असते: पहिली घेतली तो दिवस शून्य धरायचा, मग तिथून तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यावर उपाय नाही, म्हणून "बघू, काही झालं तर जाऊ" हा विचार इथं चालत नाही. त्या मुलाच्या पुढच्या तीन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेव, शेजारणीच्या घरी नाही, तुझ्या घरी.

आता तुझा प्रश्न. टायगरला सोडून द्यायचं का? पाप-पुण्याचं मी नंतर बोलते. आधी एवढं समज की आज, या घडीला, टायगर तुमच्या नजरेसमोर असणं ही त्या मुलासाठीच मोठी गोष्ट आहे. कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू उतरला असेल, तर ते कुत्रं दहा दिवसांच्या आत आजारी पडतं आणि मरतं. दहाव्या दिवशी ते खातंपितं, हिंडतंफिरतं असेल, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. टायगरला शिवारात सोडला असतास, तर दहाव्या दिवशी हे कोणालाच कळलं नसतं. त्या पोराची माय अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, आणि कदाचित वर्षभर, त्याच्या कपाळावर हात ठेवून झोपली असती. सासूबाईंना हे असंच सांग. त्यांनाही शेजारच्या पोराचीच काळजी आहे, टायगरशी त्यांचं वैर नाही.

या दहा दिवसांत त्याला अंगणात दार लावून ठेव, मुलांपासून दूर. बघायचं काय? आवाज बदलला का, जबडा लोंबतो का, पाणी गिळता येत नाही का, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतो का, मागचे पाय झोकांड्या खातात का. यातलं काहीही दिसलं तर हात न लावता त्याला खोलीत बंद कर आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळव. 1962 या टोल फ्री नंबरवरही फोन लागतो. दहा दिवस नीट गेले की त्याला रेबीजची लस देऊन घे, आणि मग दरवर्षी. पिल्लू असताना दिलेली एक लस आयुष्यभर पुरत नाही.

तो चावला का, याचं उत्तर तुझ्या पत्रातच आहे, तुला ते दिसलं नाही एवढंच. खांबाला चार हात साखळी. निंदणाच्या दिवसांत सकाळपासून दिवस कलेपर्यंत तोच खांब, तोच कोबा. चार हातांच्या त्या जगात त्याचं स्वतःचं म्हणावं असं काय, तर एक ताटली. त्या दिवशी ताटलीत पुरणपोळी असेल. लाकडाचं काहीतरी खडखडत चाकावर चालत आलं, मागून एक हात आला. मोकळं कुत्रं अशा वेळी उठून बाजूला जाऊ शकतं. बांधलेल्याला जायला जागा नसते, म्हणून ते चावतं. मी टायगरची बाजू घेत नाही, त्या पोराच्या हातातून रक्त आलं आहे. पण साखळी तशीच ठेवून तू कुत्रं बदललंस, तरी पुढच्या पोळ्याला हेच होईल.

लॅब्राडोर ही मुळात पाण्यात उडी मारून शिकार उचलून आणायला तयार केलेली जात. तिला दिवसभर काम लागतं. कामच नसलं की ती खड्डे उकरते, चपला फाडते, भुंकून घर डोक्यावर घेते. दहा दिवस झाले की पहाटे अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास त्याला पट्ट्याला धरून बांधावरून फिरवायचं. मोकळं सोडायचं नाही, रानडुकराच्या मागं लागला तर परत येणार नाही. खाणं मागच्या दारी, जिथं कोणाचं पोर येत नाही तिथं. मुलीला शिकव: खाताना, झोपेत आणि बांधलेला असताना कुत्र्याला हात लावायचा नाही, दुसऱ्या कोणालाही लावू द्यायचा नाही.

दिराच्या त्या फवारणीवर मला जरा थांबू दे. लाळ गळणं, पाय कापणं ही विषबाधाच होती. टायगर वाचला हे त्याचं नशीब. आपल्या यवतमाळात 2017 साली कपाशी फवारताना किती शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेनं गेले, हे दिराला मी सांगायला नको. जे औषध माणसाच्या कातडीतून आत जातं, ते कुत्र्याच्याही जातं, वर कुत्रं अंग चाटतं. पण त्याच्यावर ओरडू नकोस. मी अकरा वर्षांची असताना आमच्या मोत्याला खरूज झाली होती. कोणीतरी म्हणालं, ट्रॅक्टरचं जळकं ऑईल लावा. लावणारे आजोबा होते, डबा मी धरला होता. मोत्या रात्रभर अंग चाटत राहिला आणि तिसऱ्या दिवशी गेला. आम्ही त्याच्या भल्यासाठीच करत होतो. म्हणून म्हणते, दिराला फक्त खरं सांग, राग नको.

गोचिडाचं खरं असं की कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडे, बाकीचे तुझ्या भिंतीत आहेत. पोट भरलं की मादी खाली उतरते, विटांच्या फटीत, चौकटीच्या मागं, कोब्याच्या भेगेत जाते आणि तिथं हजारांनी अंडी घालते. भिंतीवर चढताना तुला दिसतात ते हेच. न खातापिता ते महिनोन् महिने काढतात. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. फटी सिमेंटनं किंवा मातीनं लिंपून घे, चुना मार, त्याचं बसायचं पोतं उकळत्या पाण्यात टाक नाहीतर जाळून नवं घे. अंगावरचं औषध डॉक्टरकडूनच घे, मानेवर टाकायचे थेंब मिळतात, पोटातून द्यायच्या गोळ्याही मिळतात, आणि दोन्ही कुत्र्याच्या वजनावर ठरतात. गुरांचं औषध अंदाजानं लावायचं नाही. दहा दिवस नीट गेले की रोज संध्याकाळी पाच मिनिटं कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात आणि पट्ट्याखाली बघ. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढ, साबणाच्या पाण्यात टाक, नखानं चिरडू नकोस.

एक गोष्ट दहा दिवस नीट गेले की लगेच कर, त्याआधी त्याच्या तोंडाला हात लावू नकोस. टायगरचा ओठ वर उचलून हिरडी बघ. ती गुलाबी असायला हवी. बोटानं दाबलीस की पांढरी होईल आणि बोट काढल्यावर दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी होईल. हिरडी फिकट, पांढुरकी दिसली, खाणं सुटलं, नाकातून रक्त आलं, तर तो गोचीडताप असू शकतो. रक्त तपासून औषध सुरू केलं तर कुत्रं वाचतं, "दोन दिवस बघू" करत बसलं तर हातचं जातं. नुसता हात लावून ताप ठरवू नकोस, आपल्याला ताप वाटेल ते 101-102 अंश फॅरनहाइट कुत्र्याचं रोजचंच असतं.

उन्हाळ्याचं तू लिहिलं नाहीस, पण पारा 45 च्या वर जातो तेव्हा तुमच्या टिनाच्या ओसरीत काय होतं ते मला ठाऊक आहे. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. मे महिन्यात दिवसा तो घरात किंवा निंबाखाली ओल्या पोत्यावर हवा, आणि पाणी मातीच्या भांड्यात, दिवसातून तीनदा बदललेलं. केस भादरू नकोस, ते त्याला उन्हापासूनही वाचवतात. खाण्यात भाकरी, वरण, भात, अंडं चालेल. कांदा-लसणाची भाजी आणि तर्री नको, शिजवलेल्या कोंबडीची हाडं तर अजिबात नको.

आता तुझ्या नवऱ्याचं. पोरी, तुझी झोप कुत्र्यानं उडवली नाही. "तूच लाडावून ठेवला" या वाक्यानं उडवली आहे. पिल्लू आणलं त्यांनी, हट्ट मुलीचा, फवारलं दिरानं, लस राहिली सगळ्यांची, आणि दोष तुझ्या पदरात. तू निंदणावरून येतेस, चूल पेटवतेस, आणि मग त्याची घाण काढतेस. तू थकली आहेस आणि तुला राग आला आहे. त्या रागाची लाज वाटून घेऊ नकोस. त्या रागाच्या भरात तो मुका जीव नकोसा वाटला असेल, तर तेही समजण्यासारखं आहे.

रात्री जेवणं झाली की, सासूबाईंसमोर नाही, दोघंच असताना बोल. सरळ सांग: "टायगर राहील तर दोघायचा राहील." पहाटेचं फिरवणं त्यांचं. लसीची तारीख आणि गोचिडाचं औषध त्यांचं. पाणी बदलणं मुलीचं, आठ वर्षांची आहे, जमेल. बैलांना पोळ्याला मटाट्या बांधणारा, झूल घालणारा माणूस जनावराचं करू शकत नाही, असं मला कोणी सांगू नये. आणि एक काम त्यांनीच करायचं: त्या मुलाच्या राहिलेल्या लसींना आपल्या गाडीवर बसवून त्यांनी न्यायचं आणि आणायचं. शेजारीण माफीच्या शब्दांनी बोलती होणार नाही. तिच्या पोराला वेळेवर दवाखान्यात नेलं तर होईल.

हे सगळं करूनही जमत नसेल, तर टायगरला दुसरं घर शोधण्यात मला काही वावगं वाटत नाही. मात्र ते घर तू डोळ्यांनी बघ, अंगण बघ, माणसं बघ, आणि तो एकदा चावला आहे हे त्यांना स्पष्ट सांग. लपवलंस तर उद्या त्यांच्या पोराचा हात जाईल. पण शिवारात सोडणं वेगळं. दोन वर्षं ताटलीत खाल्लेलं कुत्रं रानात पोट भरू शकत नाही. गावातली कुत्री त्याला फाडतील, नाहीतर रस्त्यावर गाडीखाली येईल, नाहीतर बिबट्या नेईल. जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. तू पापाचं विचारलंस. तुला झोप येत नाही, यातच तुझं उत्तर तुला ठाऊक आहे.

चावा बसून आज आठवा दिवस. परवा सकाळी त्याच्यासमोर पाणी ठेव आणि तो पितो का ते उभी राहून बघ. मग मला फोन कर, आणि मला सांगण्याआधी शेजारणीच्या दारात जाऊन तिला सांग.