पुण्यात इस्टेट एजंटचं काम परवडतं का?

परवडतं, पण पहिले सहा महिने घरखर्चाची सोय वेगळी ठेवा. नवीन प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, परीक्षा आणि नोंदणी लागते. वैयक्तिक एजंटला फी 10,000 रुपये, मुदत 5 वर्षं. भाड्याच्या व्यवहारात साधारण एका महिन्याचं भाडं मिळतं, रिसेलमध्ये एक-दोन टक्के. तेही पार्टीने शेवटी घासाघीस केली नाही तर! खरा कस रविवारी लागतो. चाव्यांचा जुडगा घेऊन लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर जायचं आणि ऐकायचं, "किचन पूर्वेला नाही हो." सोसायटीचा वॉचमन आणि सेक्रेटरी ओळखीचे ठेवा, जागा रिकामी होणार हे त्यांना आधी कळतं.