पहिल्या स्वयंपाकघरासाठी आधी काय घ्यावं?

नोकरीसाठी पुण्यात एकटे राहणार, घरात एकही भांडं नाही, रोज साधं वरण-भात, पोळी-भाजी करायची, तर सगळ्यात आधी ३ लिटरचा उभट कुकर घ्या. आत बसणारे दोन डबेही तिथेच घ्या आणि ते ठेवून झाकण नीट लागतंय ना, दुकानातच बघा. डाळ-तांदूळ एकदम शिजतात.

मग लोखंडी तवा. नव्या तव्यावर पोळी चिकटते म्हणून बरेच जण वैतागून नॉनस्टिक आणतात. कृपया तसं करू नका. तवा घासून कोरडा करा, मंद आचेवर तापवा, तेल सोडा आणि अर्धा कांदा सुरीला टोचून तो काळपट होईपर्यंत तव्यावर फिरवा. तीन-चार वेळा असं केलं की तवा मस्त गुळगुळीत होतो. धुतल्यावर लगेच पुसा, ओला राहिला तर गंजतो.

बाकी जाड बुडाची कढई, पोळपाट-लाटणं, सुरी, चहाचं पातेलं, गाळणी, मिसळणाचा डबा. सांडशी मात्र हातात धरून, भरलेलं पातेलं उचलून बघूनच घ्या. हे सगळं तुळशीबागेत एका फेरीत मिळेल. मिक्सर पहिल्या पगारानंतर. तोवर खलबत्त्यात लसूण-मिरची छान ठेचली जाते.