५.१ घेताय? आधी मागचं पोर्ट बघा

हॉलमध्ये स्वस्तातलं ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि बेससाठी एक सबवूफर) लावायचं म्हणून बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार घेतोय.

प्रश्न (नाशिक): बजेट १५ हजार. एका दुकानात ६००० वॅट पीएमपीओवाला ५.१ सेट साडेसहा हजारांना देतायत, दुसऱ्या कंपनीचा ४०० वॅटचा मात्र बजेटच्या वर जातोय. जास्त वॅटवालाच घेऊ ना?

अहो, घरातला गिझर २००० वॅटचा असतो, त्याला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि जाड वायर लागते, मग ६००० वॅटचा डबा मोबाइल चार्जरच्या शेजारच्या सॉकेटवर चालेलच कसा? पीएमपीओ म्हणजे कंपनीला वाटेल तो आकडा, त्याला ठरलेलं मापच नाही. आरएमएस, म्हणजे सेट सतत देऊ शकतो ती खरी ताकद, विचारा, आणि सबवूफर उलटा करून मागचा स्टिकर वाचा, तिथे तो वीज किती घेतो ते लिहिलेलं असतं. ६० वॅट दिसलं तर काय ते समजून जा.

पण वॅटपेक्षा महत्त्वाचं म्हणजे मागची पोर्टं. साडेसहा हजारवाल्याला बहुतेक ऑक्स, यूएसबी आणि ब्लूटूथ एवढंच असणार, आणि ब्लूटूथ किंवा ऑक्सच्या एका पिनमधून डावा-उजवा असे दोनच चॅनल येतात. म्हणजे स्पीकर पाच असले तरी पाचही जण तेच वाजवणार, पाऊस पडला की समोर पण पडणार आणि मागे पण तोच पडणार. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज सेटकडे नेणारं पोर्ट), निदान ऑप्टिकल (तेच काम प्रकाशाच्या केबलने करणारं), आणि आत प्रत्येक स्पीकरचा आवाज वेगळा काढणारा डॉल्बी डिजिटल डिकोडर, हे नसेल तर त्याला ५.१ म्हणू नका. थोडं थांबा, दिवाळीच्या सेलपर्यंत पैसे साठवा.

प्रश्न (ठाणे): एआरसीवालाच सेट घेतला, तरी मागचे स्पीकर जवळजवळ गप्पच. दुकानदार म्हणतो पिक्चरमध्येच तेवढं असतं.

अर्धं खरंय त्याचं. मागून फक्त वातावरण येतं, पाऊस, गर्दी, डोक्यावरून गेलेलं हेलिकॉप्टर, त्यामुळे दोन माणसं बोलत बसलीयत अशा सीनला मागे शांतताच असायची. डीटीएचवरच्या मालिका तर बहुतेक साध्या स्टिरिओतच येतात, तिथे अपेक्षाच ठेवू नका. पण आधी टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल आउटपुट बघा. पीसीएम असेल तर एआरसीमधून दोनच चॅनल बाहेर पडतात, ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू करा. मी स्वतः या एका सेटिंगपायी तीन संध्याकाळी केबली बदलत बसलो होतो, बायको म्हणाली आता टीव्हीच बदल. एचडीएमआयची केबल टीव्हीवरच्या ‘एआरसी’ लिहिलेल्याच पोर्टात आहे ना तेही बघा, आणि ॲपमध्ये ऑडिओ निवडताना समोर ५.१ दिसतंय का तेही, कारण कधी कधी मूळ भाषेला ५.१ असतं आणि डबिंगला नुसतं स्टिरिओ.

प्रश्न (पुणे): हॉल १० बाय १५, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. मागचे स्पीकर ठेवू कुठे?

‘मागचे’ या शब्दानेच सगळा घोळ होतो. ५.१ मध्ये ते खरं तर बाजूचे असतात, टीव्हीकडे तोंड करून बसलात की समोरपासून ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या जरासे मागे. सोफा फूटभर पुढे ओढा, स्पीकर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, बसल्यावर कान येतो त्याच्या फूट-दोन फूट वर लावा. एका बाजूला बाल्कनीचा दरवाजा असेल तर तिथे स्टँड. टीव्हीच्या शोकेसमध्ये गणपतीच्या दोन बाजूंना ठेवलेले मागचे स्पीकर मी किती घरांत पाहिलेत विचारू नका.

वायर केसिंग पट्टीतून न्या आणि लाल-काळं दोन्ही टोकांना नीट जुळवा. समोरच्या दोनपैकी एकाचं उलटं जोडलं गेलं तर वाजतं सगळं, पण आवाज पोकळ होतो, बेस गायब आणि माणूस नेमका कुठून बोलतोय तेच कळत नाही. आणि ‘वायरलेस रिअर’ या शब्दाला भुलू नका, बऱ्याच सेटमध्ये वायरलेस म्हणजे मागे एक वेगळा डबा, त्याला प्लग लागतो आणि त्या डब्यापासून स्पीकरपर्यंत वायर असतेच.

प्रश्न (डोंबिवली): डायलॉग ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवला की मारामारीत खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतात.

काकांचं बरोबर आहे. मास्टर आवाज सोडा, डायलॉग मधल्या सेंटर स्पीकरमधून येतात, तेवढाच दोन-तीन पॉइंट वर घ्या आणि सबवूफर खाली. सेंटर कपाटाच्या खणात आत कोंबलेला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा. सबवूफर कोपऱ्यातून काढा, कोपऱ्यात तो जास्तच घुमतो, आणि त्याच्याखाली जाड रबर घाला. रात्री नाइट मोड, त्याने मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. एवढं करूनही घुमत असेल तर दहानंतर सबवूफरचा स्विचच बंद करा, डायलॉगला त्याची गरज नसते.