वाड्यातली तोफ आणि हवालदारांनी मागितलेलं लायसन

प्रश्न : आमचा जुना वाडा वाई तालुक्यात आहे. यजमान गेल्यावर मिळकत पत्रिकेवर माझं आणि मुलीचं नाव लागलं. सोप्यात पूर्वापार एक लोखंडी तोफ आहे, चार फुटांच्या आसपास. सासऱ्यांनी तिच्या तोंडात सिमेंट भरून घेतलं होतं. गोठ्यात तिच्या गाड्याची दोन चाकं पडून आहेत. दसऱ्याला आम्ही तिची पूजा करतो. यंदा पुतण्याने तिला हार घातला, शेजारी देवळातली उखळी ठेवून बार काढला आणि ‘आमच्या वाड्याची तोफ धडाडली’ असं लिहून व्हिडिओ टाकला. पुढच्या आठवड्यात बीट हवालदार आले. ‘लायसन दाखवा, नाहीतर ठाण्यात आणून जमा करा’ म्हणाले. लेखी काही दिलं नाही. पोलीस पाटील म्हणतात, शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूला लायसन लागतच नाही. पुण्याचा एक व्यापारी चांगली किंमत देतोय आणि दीर म्हणतात, विकून मोकळं होऊ. मी काय करू? नाव-गाव छापू नये.

उत्तर : ताई, आधी हवालदारांचं बघू. ते जे लायसन मागताहेत ते तुमच्याकडे नाही, तुमच्या सासऱ्यांकडेही नसणार, आणि उद्या साताऱ्याला कलेक्टर कचेरीच्या शस्त्र परवाना शाखेत अर्ज घेऊन गेलात तर तिथूनही मिळणार नाही. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देऊ शकतात. तोफेचा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये बंदुकीच्या वर एक वेगळी पायरी आहे, ‘प्रतिबंधित शस्त्रे’. मशीनगनसारख्या हत्यारांच्या पंक्तीत कायद्याने तोफखानाही बसवला आहे. असं शस्त्र बाळगायला कलम ७ प्रमाणे केंद्र सरकारचीच खास परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगीशिवाय ते बाळगल्याची शिक्षा किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त चौदा वर्षं आहे.

हे वाचून घाबरू नका. सिमेंट भरलेली तोफ सोप्यात आहे म्हणून तुम्हाला कोणी सात वर्षं आत टाकेल असं मला वाटत नाही. पण पाटलांच्या शब्दावर निर्धास्त राहण्यासारखंही हे प्रकरण नाही.

पाटील म्हणतात ती शंभर वर्षांची अट खोटी नाही, पण ती दुसऱ्याच कायद्यातली आहे. पुरावस्तू आणि कलासंपत्ती अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षं जुनी वस्तू ही पुरावस्तू ठरते. तो कायदा अशा वस्तूचा धंदा, निर्यात आणि काही प्रकारांची नोंदणी यांबद्दल बोलतो. पुरावस्तू झाली म्हणून ती शस्त्र राहिली नाही, असं त्यात कुठेही नाही. एकच तोफ दोन्ही कायद्यांखाली येऊ शकते.

काही जण तुम्हाला २०२० च्या नियम-दुरुस्तीचा दाखलाही देतील. जुन्या, संग्राह्य बंदुका-पिस्तुलं घरात ठेवायला तेव्हापासून परवाना लागत नाही, हे खरं आहे. मात्र ती सवलत लहान शस्त्रांपुरती आहे. गाड्यावर चढवायची तोफ त्यात ओढूनताणूनही बसत नाही.

तुमच्या कामाची तरतूद आहे कलम ४५, खंड (क). कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा नादुरुस्त असं जे हत्यार दुरुस्त करून किंवा न करता बंदूक-तोफ म्हणून वापरताच येत नाही, त्याला हा अधिनियम लागू नाही. म्हणजे तोफ या खंडात बसली, तर परवान्याचा प्रश्नच संपला. नाही बसली, तर ती एकदम प्रतिबंधित शस्त्रात जाते. मधली पायरी नाही. म्हणूनच बंदुकीच्या प्रकरणापेक्षा तोफेचं प्रकरण अवघड.

आता खरी मेख. ‘वापरताच येत नाही’ ही अट फक्त नादुरुस्त हत्याराला आहे, की कालबाह्य आणि पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारालाही? पहिलं वाचन धरलं तर तुमची तोफ वयावरच सुटते. तोंडातून ठासून कानातून, म्हणजे मागच्या बारीक भोकातून, बत्ती देण्याची बनावट कधीच मागे पडली. दुसरं वाचन धरलं तर तोफ कितीही जुनी असो, ती उडू शकत नाही हे दाखवावं लागतं. बचावाला उभा राहिलो तर मी अर्थातच पहिलं वाचन मांडेन. पण सल्ला देताना दुसरं धरूनच चालायला सांगतो. सवलत मागणाऱ्यानेच ती सिद्ध करावी, असा पुराव्याच्या कायद्याचा कल आहे, आणि घर तुमचं आहे.

आणि दुसरं वाचन धरलं की सगळं ‘दुरुस्त करून’ या शब्दांवर येतं. ठासणीच्या तोफेत बिघडण्यासारखं असतं तरी काय? घोडा नाही, चाप नाही, स्प्रिंग नाही. एका बाजूने बंद नळी, मागच्या अंगाला कान, बस्स. कानात खिळा ठोकला असेल तर तो ड्रिलने निघतो. सिमेंट छिन्नीने निघतं. सरकारी वकील नेमकं हेच म्हणेल. उलट नळीला आरपार चीर असेल, बुडाकडचं लोखंड गंजून पापुद्रे सुटत असतील, गाड्यावर टेकणारा बाजूचा खुंट तुटून तिथून भेग मागे गेली असेल, तर ती तोफ कोणत्याही दुरुस्तीने उडवण्याजोगी होत नाही, आणि तसं तज्ज्ञ लिहून देऊ शकतो. तेव्हा उजेडात तोफ नीट बघा. सिमेंट कुठवर गेलंय, कान उघडा आहे का, बुडाला भेग आहे का. फक्त बघा. खरवडू नका, गंज काढू नका, आणि गावातला वेल्डर बोलावून ‘कायमची बंद करून टाक’ असं तर मुळीच सांगू नका. चौकशी सुरू असताना केलेली दुरुस्ती किंवा नादुरुस्ती, दोन्ही संशय वाढवतात. शिवाय वस्तूचं मोल जातं ते वेगळंच.

गोठ्यातली चाकंही विसरू नका. कायद्याच्या व्याख्येत तोफ वाहून नेण्याचे आणि बसवण्याचे गाडेसुद्धा येतात. दीर ‘लाकूड आहे, चुलीत घालू’ म्हणाले तर थांबवा.

जाता जाता, १८७८ च्या इंग्रजी अमदानीतल्या शस्त्र कायद्यात तोफेचा उल्लेख सरळ नावानिशी होता. १९५९ च्या कायद्यात ती तोफखान्याच्या मोठ्या शब्दाखाली गेली, आणि तोफखाना म्हणजे काय याची व्याख्या मात्र कायद्याने केली नाही. त्यामुळे ‘ही वाड्याच्या शोभेची तोफ, तोफखाना नव्हे’ असा युक्तिवाद करता येतो. तो करीनही, पण एकट्या त्याच्यावर मदार ठेवणार नाही.

आता पुतण्याचं. उखळी ही वेगळी चीज आहे. ती गोळा फेकायला केलेली नाही, आवाज काढायला केलेली आहे. कायद्यात अग्निशस्त्र म्हणजे स्फोटाच्या जोराने काहीतरी फेकण्यासाठी बनवलेलं किंवा तसं करून घेतलेलं हत्यार. नुसत्या बाराची उखळी माझ्या मते त्यात येत नाही. पण तिच्यात भरलेली दारू मात्र स्फोटकच आहे. सोरा, गंधक, कोळसा घरी कुटून केलेली असो की सुतळी बॉम्ब फोडून काढलेली असो, तिला स्फोटक अधिनियम, १८८४ आणि २००८ चे स्फोटक नियम लागतात. संशयास्पद परिस्थितीत स्फोटक जवळ बाळगण्याचा १९०८ चा कायदा तर आणखी कडक आहे. ‘कवठेएकंदला दसऱ्याला एवढी आतषबाजी होते, मग आपल्याला काय?’ असं पुतण्या विचारेल. तिथली दारू शोभेची, तिच्या परवान्याची वाट वेगळी. आणि गावोगावची प्रथा हा काही परवाना नव्हे.

खरं नुकसान त्या व्हिडिओच्या मथळ्याने केलं. बार उखळीचा, आणि खाली लिहिलं तोफेचा. म्हणजे ‘ही तोफ उडत नाही’ हा जो तुमचा एकमेव भक्कम बचाव, त्याच्या विरुद्धचा पुरावा तुमच्याच घरातल्या पोराने हौसेने तयार करून दिला. व्हिडिओ लोकांना दिसेनासा करा, पण मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि इथे तर ती फाइल तुमच्या उपयोगाची आहे. नीट पाहिलं तर धूर उखळीतून निघताना दिसेल, तोफेच्या तोंडावरचा झेंडूचा हारसुद्धा हललेला नसेल.

विक्रीचं उत्तर सरळ आहे. आत्ता नाही. तोफ कलम ४५ मध्ये बसते की नाही हे ठरलेलं नसताना ती विकलीत, तर बाळगण्याच्या शंकेत विक्रीची भर पडेल. कलम ७ विक्रीलाही लागू आहे. त्या व्यापाऱ्याला पुरावस्तूंच्या धंद्याचा परवाना दाखवायला सांगा. बहुतेक त्यानंतर त्याचा फोन येणार नाही. आणि दिरांना हेही सांगा की मिळकत पत्रिकेवर कोणाचं नाव आहे त्यावर जंगम वस्तूची मालकी ठरत नाही. तोफ सासऱ्यांकडून आली, तर दीर, नणंदा, तुम्ही आणि मुलगी सगळ्यांचा तिच्यात हिस्सा. पण हिस्सा हवा असेल तर जबाबदारीही आली. गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की शस्त्र ‘ताब्यात’ असणं म्हणजे त्याची जाणीव आणि त्यावर नियंत्रण असणं. किल्ली तुमच्याकडे, पूजाही तुम्हीच करता, त्यामुळे ‘मला माहीत नव्हतं’ हा मार्ग तुम्हाला नाही. बाहेरगावी नांदणाऱ्या मुलीला आहे.

म्हणून माझा सल्ला असा की गप्प बसू नका आणि तोफ टेम्पोत घालून ठाण्यातही नेऊ नका. परवानगीशिवाय रस्त्यावरून नेणं हा नवीन प्रश्न होईल. आपण होऊन लेखी कळवा. अर्ज सातारच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या नावे, एक प्रत तुमच्या पोलीस ठाण्याला, एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या पुणे विभागाला. मजकूर दोन परिच्छेदांत बसतो: वस्तू काय आहे, घरात कोणाच्या वेळेपासून आहे, तोंड कधी आणि कोणी बंद केलं, ती वापरात नाही आणि दारूगोळा नाही, आणि कलम ४५(क) प्रमाणे तिला अधिनियम लागू नाही असं आमचं म्हणणं असून तज्ज्ञाकडून जागेवर तपासणी करून लेखी निर्णय द्यावा. सोबत फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून काढलेले: तोंड, कान, दोन्ही बाजूंचे खुंट, बूड, चाकं, आणि अंगावर काही कोरलेलं असेल तर ते. घरी सासऱ्यांच्या काळातला कुणाच्या लग्नाचा वगैरे फोटो असेल, ज्यात मागे तोफ आणि तिचं सिमेंट भरलेलं तोंड दिसतं, तर तो सोन्यासारखा जपा. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या.

ही तोफ वैराटगडावरून खाली आणली, किंवा छत्रपतींनी घराण्याला बक्षीस दिली, अशी काही गोष्ट घरात सांगत असतील तर कागद असल्याशिवाय ती अर्जात घालू नका. गडावरची म्हटलं की ती मुळात तुमची कशी, हा प्रश्न सरकार विचारणारच.

निर्णय तुमच्या बाजूने आला तर तोफ सोप्यातच राहील. उलट लागला, किंवा तुम्हालाच हा घोर नको झाला, तर सगळ्या वारसांच्या सह्यांनी ती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्यायची तयारी दाखवा. २०२४ साली लंडनहून आलेली वाघनखं तिथेच ठेवली होती, हे सांगितलंत की दिरांचा विरोध थोडा मवाळ होईल.

एक तांत्रिक गोष्ट तुमच्या स्थानिक वकिलांच्या कानावर घाला. बिनपरवाना बंदुकीचा, म्हणजे कलम ३ चा खटला भरायला कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ही चाळणी कलम ७ ला नाही. त्यामुळे गुन्हा दाखल होतोय असं दिसलं तर कोणतं कलम लावताहेत ते आधी पाहायचं, आणि वेळ न घालवता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात जायचं.

तोवर हवालदार पुन्हा आले तर भांडू नका. अर्जाची पोच दाखवा, झेरॉक्स द्या. तरी तोफ नेतोच म्हणाले तर अडवू नका. दोन पंचांसमोर जागेवर पंचनामा करायला सांगा, त्यात ‘तोंड सिमेंटने बंद’ हे शब्द आणि कानाची स्थिती लिहून घ्या, आणि जप्तीची पावती हातात पडल्याशिवाय सही करू नका.