कपडा आधी उलटा करून बघ

हे बघ, तू विचारलंस की पर्यावरणाची आणि शिवणाऱ्या कामगारांची काळजी घेणारा कपड्यांचा चांगला ब्रँड कुठला, एकच नाव सांगा. नाव नाही देणार, कारण आज देईन आणि दोन वर्षांनी त्यांचा माल भलत्याच फॅक्टरीतून यायला लागलेला असेल.

आधी माझी फजिती ऐक. मध्ये एक टीशर्ट घेतला, टॅगवर हिरवं पान, ऑरगॅनिक कॉटन असं मोठ्ठं लिहिलेलं, मी खूश. घरी येऊन उलटा केला तर आतल्या शिवणीत ती बारकी पांढरी पट्टी असते ना, तिच्यावर ६० टक्के पॉलिएस्टर! तेव्हापासून पट्टी आधी, साईझ नंतर.

गॉट्सचा (GOTS, ऑरगॅनिक कपड्यांसाठीचं जागतिक प्रमाणपत्र) लोगो असेल तर सोबत तपासणाऱ्या संस्थेचं नाव आणि लायसन्स नंबर असायलाच हवा, तो त्यांच्या साईटवर टाकून बघता येतो. नुसतं 'ऑरगॅनिक' लिहायला त्यांच्याकडे किमान ९५ टक्के ऑरगॅनिक धागा लागतो, 'मेड विथ ऑरगॅनिक'ला ७०, आणि कामगारांबद्दलच्या अटीपण त्यात येतात. ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे लेबल वेगळं, ते कपड्यात घातक केमिकल आहेत का एवढंच बघतं, शिवणाऱ्याच्या पगाराशी त्याचं देणंघेणं नाही. लोक यात जाम गल्लत करतात.

कामगारांचं शोधणं जास्त किचकट. २४ एप्रिल २०१३ ला बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या फॅक्टऱ्या असलेली इमारत कोसळली, ११३४ माणसं गेली. आदल्या दिवशीच तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, शिवणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं. तिथे कुणाकुणाचा माल शिवला जायचा हे कळायला नंतर ढिगाऱ्यातून लेबलं शोधावी लागली, कारण ऑर्डर एकाला दिलेली आणि त्यानं परस्पर दुसऱ्याला, असं या धंद्यात सर्रास चालतं. म्हणून मी पहिलं हेच बघते की ब्रँडनं आपल्या फॅक्टऱ्यांची यादी नाव-पत्त्यासकट दिलीय का. 'आम्ही कामगारांची काळजी घेतो' याला माझ्याकडून शून्य मार्क. यादी असेल तर त्यातलं एखादं नाव ओपन सप्लाय हबवर टाक, कुठली फॅक्टरी कुठे आहे ते शोधायची साईट आहे ती, फुकट आहे. यादी आहे म्हणजे सगळं आलबेल असं नाही हां, पण निदान युनियनवाल्यांना, पत्रकारांना कुठे जायचं ते तरी कळतं.

नाहीच सापडलं तर सरळ मेल टाक, दोन ओळींचा. हा शर्ट कुठे शिवला, आणि तिथल्या लोकांचं त्या पगारात घर चालतं का? कायद्यानं ठरलेलं किमान वेतन देतो असं उत्तर आलं तर समज की प्रश्न टाळला. मला एका छोट्या ब्रँडनं शिलाई कुठे होते ते सांगितलं आणि रंगाई कुठे होते ते आम्हालाच अजून नीट माहीत नाही असं चक्क कबूल केलं, त्यांच्याकडून मी आजही घेते. दुसऱ्या एकानं पीडीएफ पाठवली, झाडांच्या फोटोंची.

आणि या नादात कपाटातले धडधाकट कपडे काढून टाकू नकोस. पुढच्या महिन्यात जो शर्ट लागणारच आहे त्याच्यापासून सुरू कर, कंपनीचं नाव मला पाठव, यादी सापडते का बघू.