अप्पांच्या उशाशी घंटा

प्रश्न : माझ्या वडिलांचं वय ६४. चाळीस वर्षं पॉवरलूमवर उभ्यानं काम केलं. घोट्याजवळ हाड मोडलं म्हणून सहा आठवडे प्लास्टर होतं. त्यांना उठायला लागू नये म्हणून उशाशी घंटा ठेवली, जेवणही कॉटवरच दिलं. आता प्लास्टर काढलंय, डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलंय. पण उठवलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. पोटरी तर काडी झालीय. दूध, तूप, बदाम सगळं चालू आहे, मग ताकद का येत नाही?
– एक वाचक भगिनी, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, घंटा मायेनं ठेवलीत, कळतं मला. पण मोडला होता घोटा, आणि झोपवलात अख्खा माणूस.

लूमवाल्यांच्या घरात लूमचंच सांगते. दीड महिना बंद पडलेला लूम गंजेल, अडेल, पण भंगारात तोलला तर लोखंड तेवढंच भरेल. स्नायूचं तसं नसतं. ज्याला काम नाही त्याला शरीर पोसत बसत नाही, त्यातलं प्रोटीन मोडून टाकतं. पहिली पाळी मांडी-पोटरीची, कारण एरवी दिवसभर वजन पेलतात ते हेच. दूध-बदाम चांगलेच, पण स्नायूवर भार पडल्याशिवाय ते तिथं लागत नाहीत. तूप कुठं लागतं ते अप्पांच्या पोटावर दिसत असेल. हाडालाही वजन हवं, नाहीतर त्यातलं कॅल्शियम लघवीवाटे जायला लागतं.

आता अंधारी. आडवं पडलं की पायांतलं रक्त छातीकडं सरकतं. शरीराला वाटतं, पाणी जास्त झालं. मग किडन्या ते बाहेर टाकतात आणि थोड्याच दिवसांत रक्तातलं पाणी घटतं. माणूस उभा केला की असलेलं रक्त पायांत उतरतं, ते दाबून वर ढकलणारी पोटरी दुबळी झालेली, आणि मेंदूला घटकाभर कमी पडतं. चौतीस वर्षं मी लोकांना ‘आधी बसा, मग उठा’ सांगत आले. टायफॉइडनं बारा दिवस झोपवल्यावर तेराव्या दिवशी मीच तडक न्हाणीत गेले आणि नळ धरून खाली बसले. घरचे अजून हसतात.

अप्पांचं वय झालं म्हणून असं, असं मानू नका. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयानं त्यांचा दम घटवला नव्हता, इतका त्या तीन आठवड्यांनी घटवला होता. पण व्यायामानं तो परतही आला, हेही तिथंच दिसलं.

तेव्हा अप्पांना आधी कॉटच्या कडेला पाय सोडून दोन-तीन मिनिटं बसवा, पंजे वीसेक वेळा वर-खाली, मग वॉकर. हात असलेल्या खुर्चीतून पाच वेळा उठ-बस, दिवसातून तीनदा. त्या पायावर किती वजन टाकायचं ते डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, पाणी कमी पडू देऊ नका. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर मात्र किती प्यायचं ते विचारून. आठवड्यात अंधारी गेली नाही तर बीपी, हिमोग्लोबिन आणि चालू गोळ्या दाखवून घ्या.

एक बजावून सांगते. पोटरी एकाएकी सुजली, गरम लागली, दुखली तर तेल चोळणाऱ्याला बोलावू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली, छातीत दुखलं तर थेट दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

शिंप्याची टेप घेऊन दर रविवारी दोन्ही पोटऱ्या एकाच जागी मोजा आणि कॅलेंडरवर लिहा. महिन्यानं आकडे मला कळवा. घंटा नातवंडांना देऊन टाका, आणि पाण्याचा तांब्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. सुरुवातीला सोबत कुणीतरी चालत जा, तांब्या मात्र अप्पांनाच उचलू द्या.