लिपी-शैवाकांचा संग्रह सुरू करताना

शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं सहजीवन; लिपी-शैवाकांची बीजाणू तयार करणारी फळं खोडावर अक्षरांसारख्या काळ्या रेघांनी दिसतात. अशी प्रत्येक रेघ उचलावीशी वाटेल, पण आधी भिंगातून बघा. रेघा पक्व आहेत का? लिपी-शैवाकांच्या ग्राफिडेसी कुळात ओळख मुख्यतः बीजाणूंवर ठरते. यातल्या ग्राफिस या प्रजातीचे बीजाणू रंगहीन, फीओग्राफिस या प्रजातीचे तपकिरी. बाहेरून मात्र दोन्ही अनेकदा सारखेच दिसतात. बीजाणू नसलेला नमुना कपाटात अनोळखीच पडून राहतो आणि साल उगीच गेली याचं मला फार वाईट वाटतं.

परवानगी घेऊनच गोळा करा. साल पातळ काढा, आतल्या जिवंत थराला धक्का नको. नमुना कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. वाळल्यावर कीड मारायला काही दिवस उणे 20 अंशांवर ठेवा.

टिपण मात्र झाडापाशीच लिहा: झाडाची जात, जमिनीपासूनची उंची, ऊन की सावली, अक्षांश-रेखांश, तारीख. नुसतं ‘झाडावर’ लिहिलेलं लेबल जवळजवळ निरुपयोगी.

चाचण्या कडेच्या बारीक तुकड्यावरच करा. पातळ छेदावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली लाल सुया दिसल्या, तर नॉरस्टिक्टिक आम्ल (शैवाकातलं एक रसायन) आहे असं समजा. आयोडीनने ग्राफिसचे बीजाणू निळे-जांभळे होतात. जे दिसलं ते चिठ्ठीवर लिहून पाकिटातच ठेवा.

जुने नमुने हाताळताना एक लक्षात ठेवा: 2002 मध्ये बेटिना स्टायगर यांनी या कुळातल्या प्रजातींची नव्याने मांडणी केली, त्यामुळे आधीच्या लेबलांवरची नावं तपासूनच घ्या. जुनं लेबल मात्र कधीही काढू नका. नवं नाव तारखेसह शेजारी चिकटवा.